परदेशातलं घर आणि आईचा चष्मा

माझी मावशी वकील आहे, पण कोर्टात हातवारे करणारी नव्हे. लोकांना बुडवून परदेशी पळालेल्यांनी काय कुठे दडवलंय, ते ती शोधून काढते. स्वभावाला साजेसाच धंदा! लहानपणापासूनची भोचक. कुणाकडे गेली की 'हे कपाट कुठून आणलंत?' असं विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नाही.

आई फ्लॅटचे पैसे भरायला गेली, तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातलं कपाटही मावशीने असंच न्याहाळलं होतं. काचेवर बदकं रंगवलेली, एकाची मान तडकलेली. पुढे इमारत पायाच्या वर आलीच नाही आणि बिल्डर सामानसुमानासकट परदेशी पसार झाला. पैसे भरताना बिल्डरच्या लोकांनी वाचून दाखवलं त्यावर आईने मुकाट सह्या केल्या होत्या. मग मात्र तिने कानाला खडा लावला. स्वतः वाचल्याशिवाय सही करायची नाही.

यंदा बिल्डरचा माणूस घरी आला. "भरलेल्या पैशांचा चौथा हिस्सा घ्या आणि बाकीचा हक्क सोडल्याचं लिहून द्या." आई थकली होती. म्हणाली, "मिळतंय ते घेते आणि मोकळी होते."

"थांब जरा," मावशी म्हणाली.

"का?"

"उगाच."

मला असा संताप आला! आपल्या सख्ख्या बहिणीला ही एवढंच सांगणार?

दुसऱ्या दिवशी आईचा चष्मा हरवला. आम्ही घर उलटंपालटं केलं. "मी वाचून दाखवते," मी म्हटलं.

"नको बाई. दुसऱ्याने वाचलेलंच मला नडलंय."

तो माणूस कागद घेऊन आला आणि धुसफुसत परत गेला. नवा चष्मा तयार व्हायच्या आत मावशी उगवली. तिने आईपुढे एक कागद ठेवला आणि पर्समधून आईचा चष्मा काढला.

तो बिल्डर पळाला त्या देशातल्या कोर्टाचा हुकूम होता. बिल्डर राहतो त्या शहरातल्या विकाऊ घरांचे फोटो चाळताना मावशीला एका दिवाणखान्यात तेच तडकलेल्या मानेचं बदक दिसलं होतं. घर एका कंपनीचं, कंपनी बिल्डरच्या मेहुण्याची. मावशीने खोदत खोदत पैसा बिल्डरचाच असल्याचं दाखवलं आणि कोर्टाने ते घर गोठवलं. आता निकालापर्यंत ते विकता येणार नव्हतं. असा अर्ज समोरच्याला कळू न देता करावा लागतो. कुणकुण लागली असती, तर घर विकून पैसा आणखी तिसऱ्या देशात गेला असता.

आईने सगळं स्वतः वाचलं, दोनदा. मग भडकली. "चोरटे! मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू कुणाकुणाला सांगितलं असतंस?"

आईने अगदी प्रामाणिकपणे विचार केला.

"सगळ्यांना," ती म्हणाली, आणि बहिणीच्या गळ्यात पडून रडायला लागली.