झाकणाखालचा भंडारा

देव आहे की नाही, या वादात मी पडत नाही. माझा मुलगा संतोष गेल्यापासून मी एवढंच ठरवून टाकलं होतं, की असला तरी तो माझ्याशी बोलत नाही आणि मीही त्याच्याशी बोलणार नाही. देवपूजा आमची ही करायची, मी चहा पीत पाठ फिरवून बसायचो. त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण लिहायला हवं, कारण जिच्यासाठी हे घडलं ती सांगायला राहिलेली नाही.

संतोष आमचा एकुलता एक. फौजेत होता. एका सुट्टीत त्याने कुठूनशी एक जुनी पेट्रोल जीप ओढून आणली आणि पाटणच्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. मग प्रत्येक सुट्टीत स्वारी तिच्याखाली. आई जेवायला हाका मारून दमली की आतूनच ओरडायचा, "आई, पहिली फेरी तुझी. खंडोबाला नेतो तुला." शेवटच्या सुट्टीत जीप जवळजवळ झालीच होती. निघायच्या दिवशी सकाळी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण उघडं होतं, करंट जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट त्याने नुकतेच जुळवले होते. तो अंघोळीला गेला तेव्हा मी देव्हाऱ्यातला भंडारा तेलात कालवला आणि तिथे आत बोट फिरवलं. जिथून ठिणगी निघते तिथेच देव बसवावा, असं मनात आलं. झाकण लावलं, त्यावर लाल नाडा बांधला आणि संतोषला बजावलं, की आता हे तू परत आल्यावरच उघडायचं. तो हसला. "आबा, तुमच्या नाड्याला हात लावायची माजी छाती न्हाई." हिने त्याच दिवशी टेकडीवरच्या खंडोबाच्या देवळात कापडात नारळ बांधला. घरचं माणूस सुखरूप परत आलं की तो सोडायचा, असा आमच्याकडे रिवाज. चार महिन्यांनी संतोष तिरंग्यात आला. जीप शेडमध्ये राहिली आणि नारळ देवळात.

सहा वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात हिच्या पोटात गाठ निघाली. सांगलीला दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, दोनदा पोट उघडलं, आणि शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. ही रडली नाही. संतोष गेला तेव्हाही रडली नव्हती. परतीच्या वाटेवर म्हणाली, "आवं, त्यो नारळ तसाच बांधून ऱ्हायलाय. त्यो सोडायला जायाचं मला. पन पोराच्या जीपमधनंच. पहिली फेरी माजी हाय." मी म्हणालो, अगं, भाड्याची गाडी करू, दहा मिनिटांचं काम. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी उभा जन्म कोयनानगरच्या पॉवरहाऊसमध्ये काढला. वीज म्हणजे आपल्या घरची, असा माझा तोरा होता. आणि एका जीपला मला ठिणगी देता येईना. नवी बॅटरी आणली, टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पेट घ्यायचं नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवून बघितला, ठिणगी नाही. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल तर दोनदा बदलली. टेस्ट लॅम्प लावला तर कॉइलपर्यंत करंट येत होता. त्याच्यापुढे झाकण, आणि झाकणावर माझा नाडा. तिथे हात थांबायचा. ते संतोषने उघडायचं होतं. गावातल्या मेकॅनिकलाही मी उघडू दिलं नाही, तो बिचारा वैतागून गेला. घरातून ही विचारायची, "झाली का वो?" आठवडाभरात तो आवाज भिंतीपलीकडून ऐकू येईनासा झाला.

तिच्या दुखण्याची औषधं आणायला मी सांगलीला गेलो, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक म्हातारा बसला होता. पांढरा इस्त्रीचा सदरा, पण नखांत काळं ग्रीस. "हाताला पेट्रोलचा वास येतोय तुमच्या," म्हणाला. सहा वर्षांत मी जे कुणाशी बोललो नव्हतो ते त्या परक्या माणसापुढे घडाघडा बोललो. का, ते मला आजही सांगता येणार नाही. तो माधवनगरचा. जन्मभर इंजिनंच दुरुस्त केली, एवढंच म्हणाला. "मंगळवारी लेकीकडं कोयनानगरला जायाचंय. पाटणला उतरतो." असं म्हणणारे पुष्कळ असतात, म्हणून मी मान हलवून सोडून दिलं.

मंगळवारी सकाळच्या एसटीने तो खरंच आला. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला दिवा लावला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. "बघा, दिवा लागलाय, पन मिचकत न्हाई. आत पॉइंट जुळंना झाल्यात. झाकण काढा."

"ते सोडून बाकीचं बघा," मी म्हणालो.

"आवं, दुखतंय तिथं हातच लावू द्यायचा न्हाई, मग डाक्टर कशाला बलवायचा?" मग हळू म्हणाला, "मी न्हाई काढत. तुमी काढा."

घरातून हिच्या कण्हण्याचा आवाज आला. मी नाडा सोडला. गाठ पक्की बसली होती, नखं दुखली. झाकण काढलं आणि बघतच राहिलो. तेलातला भंडारा वाळून पॉइंटवर खपली धरून बसला होता. त्या खपलीतून करंट जायचा कसा? पॉवरहाऊसमध्ये खंडेनवमीला आम्ही पॅनेलची पूजा करायचो, पण बाहेरून. आत कुणी बोट घातलं असतं तर त्याला मीच फाडून खाल्लं असतं. आणि घरच्या गाडीत मी स्वतः हे करून ठेवलं होतं. पोराचं काम चोख होतं. मला भीती वाटत होती, म्हणून मी देवाला त्या झाकणाखाली कोंडलं, आणि वर सहा वर्षं त्याच्यावरच रुसून बसलो. मी चाकाला टेकून बसलो आणि रडलो.

म्हातारा इंजिनावर वाकला. त्याने पॉलिश पेपरने पॉइंट घासले, फडक्याने पुसले. फडक्यावर पिवळं उतरलं ते आधी स्वतःच्या कपाळाला लावलं, मग माझ्या. "आता मारा सेल्फ."

जीप दोनदा खोकली आणि लागली. शेडभर धूर झाला. धुरातून बघतो तर मागच्या दारात ही भिंत धरून उभी. अंगावर धुतलेलं लुगडं. कधी नेसून बसली होती कोण जाणे. मी म्हाताऱ्याला चहाला थांबवायला वळलो, तर तो पिशवी उचलून निघालाही होता. "बाईला न्या आदी," एवढं म्हणाला. नाव विचारायचं राहून गेलं. नंतर माधवनगरला दोनदा जाऊन चौकशी केली, कुणाला नीट सांगता आलं नाही.

टेकडीपर्यंत ती शेजारच्या सीटवर दांडी धरून ताठ बसली. देवळात मी नारळाच्या गाठीला हात घातला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी बांधलाय, मीच सोडनार." बोटांत बळ नव्हतं, बराच वेळ लागला. सोडलेला नारळ तिने कानाशी धरून हलवला. "पानी आटलंय वो ह्यातलं," म्हणाली, आणि देवापुढे बसून मोठ्याने रडली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी तिला उगी केलं नाही.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. दुखणं कमी झालं नाही, खोटं कशाला सांगू. पण रोज सकाळी मला जीप चालू करायला लावायची आणि अंथरुणातून ऐकायची.

परवा खंडेनवमी झाली. भंडारा बॉनेटवर लावला, बाहेरून. झाकणावर आता नाडा नाही. शेजारची सीट रिकामी ठेवून देवळापर्यंत एकटाच गेलो आणि इतक्या वर्षांनी हात जोडले. मागायला काही उरलं नव्हतं. तिची फेरी चुकू दिली नाहीस, एवढंच त्याला म्हणालो.