रिकाम्या बाकाची हजेरी

आधीच सांगते, मी संख्याशास्त्र शिकवते. करणी, उतारा, आरशात दिसलेली बाई... असलं काही कुणी सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो, "किती वेळा झालं? आणि झालं नाही असं किती वेळा?" त्यामुळे घरात मला कुणी भुताच्या गोष्टी सांगतच नाही. सासूबाई म्हणतात, हिच्यासमोर भूत आलं तर ते बिचारं आल्या पावली परत जाईल. तर अशी मी आज इथे लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

राहते कामोठ्याला आणि शिकवते पनवेलमधल्या एका कॉलेजात. नाव विचारू नका. सीएचबीवर आहे, म्हणजे तासिका तत्त्वावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — घेतला तास तर त्याचे पैसे तुमचे, सुट्टी पडली तर रामराम, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते देवाला ठाऊक. त्यात मी देव मानत नाही, म्हणजे तीही सोय नाही.

गेल्या वर्षी कॉलेजने एक अ‍ॅप घेतलं. वर्गात उभं राहायचं, मोबाईल मुलांकडे धरायचा, अ‍ॅप प्रत्येक चेहऱ्याभोवती हिरवी चौकट काढतं, खाली नाव येतं, हजेरी लागते. प्रॉक्सी बंद व्हावी हा हेतू. मित्रासाठी आवाज बदलून "येस मॅडम" म्हणायची कला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, ती एका फटक्यात संपणार होती. पायलट म्हणून ते आधी आमच्या डिपार्टमेंटला दिलं. म्हणजे डिपार्टमेंटमधल्या सीएचबीवाल्यांना. म्हणजे मला.

पहिले काही आठवडे नुसता वैताग. कधी ओटीपी येत नाही, कधी नेटवर्क नाही. मी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात मोबाईल खिडकीबाहेर धरून उभी, खाली एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट चालू, आणि मागच्या बाकावरचा फैजान विचारतोय, "मॅडम, अलिबागची गाडी लागली, तुमची हजेरी लागली का?" अर्धा तास त्यातच जायचा. स्टँडर्ड डेव्हिएशन राहिलं बाजूला. प्रोफाइलमध्ये माझ्या नावापुढे "गेस्ट" असं यायचं. इतकी वर्षं शिकवून मी पाहुणीच.

आणि मग रसिका.

रसिका पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसायची. शिरढोणच्या पलीकडच्या एका गावातली. बोलायची अगदी कमी. पण तिची एक सवय होती. मी फळ्याकडून वळून "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग मख्ख बसायचा आणि ही हनुवटी दोनदा हलवायची. पहिल्यांदा हळू, मग एकदा ठाम. समजलं नसेल तर हलवायची नाही. शिकवणाऱ्यांना विचारा, असं एक डोकं वर्गात असलं की तास निभावतो. मी तर तिच्याकडे बघूनच पुढचं उदाहरण घ्यायचे.

ह्या रसिकाभोवती चौकट यायचीच नाही.

आजूबाजूच्या सगळ्यांना हिरवी चौकट, हिच्या जागी काही नाही. यादीत लाल अक्षरात गैरहजर. मी तिला जागा बदलायला लावली, केस मागे घ्यायला सांगितले, चेहऱ्याची नोंद पुन्हा केली, दुसऱ्याचा मोबाईल वापरून बघितला. "मॅडम, मी हाय ना हितं," ती एकदा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. गावची भाषा वर्गात आली म्हणून स्वतःच लाजली.

को-ऑर्डिनेटर सरांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, कम्प्लेंट टाका ना अ‍ॅपवर." टाकली होती. "मग हाताने हजर लावू का?" तर म्हणाले, "तो राईट तुमच्या लॉगिनला नाही. आणि हातानेच लावायची तर पायलटला अर्थ काय?" मी म्हटलं, "सर, पोरगी समोर बसलेली असते." ते शांतपणे म्हणाले, "सिस्टीममध्ये दिसली पाहिजे."

हजेरी कमी भरली की परीक्षेला बसता येत नाही, हे तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅप रोज पालकांना मेसेज करायचं — आपला पाल्य आज गैरहजर आहे. रसिका रोज सकाळी घरून निघायची आणि दुपारी तिच्या वडिलांच्या मोबाईलवर हा मेसेज. पोरीने किती शपथा घेतल्या असतील, विचार करा.

एक दिवस वडील कॉलेजात आले. खडी-रेतीचा धंदा, पांढरा शर्ट, बोलणं नम्र. मी त्यांना जिन्याजवळ गाठलं आणि म्हटलं, "दादा, रसिका रोज माझ्या तासाला असते. मी सांगते ना."

"आमी काय शिकलेली मानसं नाय मॅडम," ते म्हणाले. "पन मेसेज रोज येतो. एक दिवस खोटा येल, रोज कसा खोटा येल?"

हा माझाच प्रश्न होता. किती वेळा झालं?

मग त्यांनी विचारलं, "तुमी हितं पर्मनंट हाय का?"

मी नाही म्हटलं. ते ऑफिसात गेले. तिथे कुणीतरी कॉम्प्युटर बघून सांगितलं की सिस्टीमप्रमाणे मुलगी येत नाही. ते परत वर आले, वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल घरी. उद्यापासून यायचं नाय." रसिकाने माझ्याकडे बघितलं. मी काही करू शकले नाही. तिने दप्तर आवरलं आणि गेली. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, आणि माझा राग त्या बापावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. पहिल्या बाकावरची खिडकीकडची जागा रिकामी. मी मोबाईल धरला.

रिकाम्या जागेवर हिरवी चौकट आली. माणूस बसला की डोकं जिथे येईल, बरोबर तिथे. खाली नाव — रसिका. हजर.

मी मोबाईल खाली घेतला, पुन्हा धरला. तेच. फैजान उठून पुढे आला, स्क्रीन बघितली आणि हळूच म्हणाला, "या अल्लाह, मॅडम... बाकडा प्रॉक्सी मारतोय." कुणी हसलं नाही. मी त्याला त्या जागेवर बसायला सांगितलं. तो बसला नाही.

पुढे रोज तेच. खिडकी बंद करून बघितली, पडदा लावला, बाक सरकवला. बाक सरकवला की चौकटही सरकायची. मी पुन्हा कम्प्लेंट टाकली. उत्तर आलं की तुमचा प्रश्न सुटलेला आहे.

आठवड्याभरात वडील पुन्हा आले. ह्या वेळी आवाज खाली गेला होता. "मॅडम, पोरगी घरी हाय. माझ्यासमोर भाकऱ्या करते. आन मेसेज येतो, हजर." त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मी पोरीला काय काय बोललो..." एवढंच म्हणाले आणि जिन्यावर बसले. दुसऱ्या दिवशी स्वतः तिला वर्गापर्यंत सोडून गेले.

ती आली, आपल्या जागी बसली. मी मोबाईल धरला. चौकट नाही. गैरहजर.

ऑफिसने सांगितलं की सिस्टीमची हजेरी पुरेशी नसेल तर मुलीला परीक्षेला बसता येणार नाही, मग वर्गात कोण होतं नि कोण नव्हतं ह्याच्याशी त्यांचा संबंध नाही. मी हिशोब केला. एकच मार्ग निघत होता. ज्या मुलीच्या मान हलवण्यावर मी वर्षभर शिकवलं, तिला मी कॉरिडॉरमध्ये नेऊन म्हटलं, "रसिका, परीक्षेला बसायचं असेल तर वर्गात येऊ नकोस."

तिने विचारलं, "मंग माझ्या जागेवर कोन बसतं, मॅडम?"

मी म्हटलं, "नोट्स मी पाठवेन."

ती घरी राहिली. मी नोट्स पाठवत राहिले. हजेरी भरत गेली. शेवटच्या तासाला मी चौकटीकडे न बघायचं ठरवलं होतं, पण मोबाईल टेबलावर पुस्तकांना टेकून तसाच चालू राहिला, वर्गाकडे तोंड करून. मी फळ्यावर सहसंबंधाचं सूत्र मांडलं, वळले आणि सवयीने विचारलं, "समजलं का?"

वर्ग नेहमीसारखा मख्ख. माझी नजर स्क्रीनवर गेली. सगळ्यांच्या चौकटी स्थिर होत्या. पहिल्या बाकावरच्या रिकाम्या जागेवरची चौकट खाली-वर झाली. हळू. मग पुन्हा एकदा, ठाम.

रसिकाला हॉल तिकीट मिळालं. ती पास झाली, फोनवर खूप आनंदात होती. वडीलही बोलले, दोनदा माफी मागितली. मी तिला ते हलणं सांगितलं नाही. कॅमेरा, उजेड, सॉफ्टवेअरची चूक, सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. चौकट का आली ह्याला कदाचित एखादा इंजिनिअर उत्तर देईल. पण ती बरोबर माझ्या प्रश्नानंतर हलली, आणि रसिकासारखीच हलली, ह्याला माझ्याकडे आजही काही उत्तर नाही.

त्या शेवटच्या तासाला काय केलं ते मात्र सांगते. घाबरले होते. पण अख्ख्या वर्गात तेवढ्याच जागेवरून उत्तर आलं होतं. मी फळा पुसला आणि पुढचं उदाहरण घेतलं.