उल्हासचा दीड तास

फोन आला तेव्हा मी फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. उल्हासची बायको मंगल बोलत होती. "शैलाबाय, हे उठनत नाय गे... चाय थंड झाली." एवढंच म्हणाली. आमची घरं पाच मिनिटांच्या अंतरावर. मी तशीच चिकट हातांनी धावले. उल्हास माजघरातल्या खाटेवर कुशीवर निजला होता, एक हात उशीखाली. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. दुपारची झोप या माणसाने जन्मभर कोणालाही मोडू दिली नाही, आणि शेवटी तिच्यातूनच तो निघून गेला. रडता रडता मला त्याचा रागही आला. पण उल्हासचा राग येणं ही माझी जुनीच सवय.

आम्ही लाटंबार्सेतल्या एकाच शाळेत एका वर्गात शिकलो. पुढे मी त्याच गावात प्राथमिक शिक्षिका झाले आणि तो वायरमन. गावात त्याची खरी ओळख मात्र वेगळीच. मे महिनाभर तो बंधाऱ्यामागच्या कोंडात, म्हणजे नदीच्या खोल डोहात, मुलांना पोहायला शिकवायचा. फुकट. साडेचारला सुरू, सहाला बंद. पाठीला सालासकट दोन सुके नारळ बांधायचे, पोटाखाली हात धरायचा आणि पोराला पाण्यात आडवं करायचं, ही त्याची शाळा. सहा वाजले की शिट्टी. मग कोणी कितीही गयावया करो, सगळी मुलं काठावर, ओळीने डोकी मोजायची आणि घरी पिटाळायची. सातला त्याची जत्रेच्या नाटकाची तालीम असायची. वर्षानुवर्षं खलनायक तोच करायचा. मिशीला पीळ देत तो रंगमंचावर आला की पुढे बसलेल्या बायका खरोखरच्या शिव्या घालायच्या आणि तो आत जाऊन खूश व्हायचा.

या कोंडाशी माझं वैर होतं. माझा धाकटा भाऊ नंदू नऊ वर्षांचा असताना इथेच बुडाला. त्या दिवशी काठावर उल्हास होता. त्यालाही तेव्हा पोहता येत नव्हतं. तो ओरडत गावात पळत आला... पण उशीर झाला होता. पुढच्याच वर्षी तो कोणाकडून तरी पोहायला शिकला आणि मोठेपणी शिकवायला लागला. या दोन गोष्टींचा संबंध आम्ही एकमेकांसमोर कधी काढला नाही. मी मात्र त्या दिवसानंतर पाण्यात पाऊल म्हणून टाकलं नाही. माझी एकच इच्छा होती, या गावातलं आणखी एकही मूल बुडू नये. म्हणूनच मला त्याचा तो दीड तास भिकार वाटायचा. जीव वाचवायचं काम, आणि हा घड्याळ बघतो! झोप हवी, नाटक हवं, मग उरलं तर गावची मुलं!

एकदा मी त्याला स्पष्टच विचारलं. "आणि तू झोपलेलो असताना कोणाचा पोर गेला तर?"

तो जराही चिडला नाही. "म्हणानच शिकवतंय गे. मी नसताना पोरांनी काठ गाठूक व्हयो. शैला, माका दीड तास परवडता. परवडता तां मी मरेसर देईन. परवडणा नाय तां चार दिस देईन आणि पाचव्या दिसा तोंड चुकवीन."

मला ते पटलं नाही. मी मुख्याध्यापिका झाल्यावर तर माझ्या अंगात भलताच उत्साह संचारला. पालकांची समिती केली. सकाळी एक वर्ग, संध्याकाळी दोन, रविवारी पूर्ण दिवस. समितीची पहिली सभाही मी ठेवली दुपारी अडीच वाजता! आमच्याकडे त्या वेळी दुकानाचा मालकसुद्धा गिऱ्हाइकाला ओळख दाखवत नाही. सभेला मी, एक पालक आणि जांभया देणारा उल्हास. पण त्या एका वर्षी तो माझ्यापुढे नमला. नंदूचं नाव मी घेतलं होतं... ते घ्यायला नको होतं, हे आज कबूल करते.

त्या वर्षी त्याने नाटक सोडलं. त्याच्या जागी उभा राहिलेला खलनायक इतका गरीब निघाला की बायकांना त्याचीच कीव आली. दुपारची झोप गेली. खांबावर चढून आलेला माणूस तसाच पाण्यात उतरायला लागला. ज्याने कधी आवाज चढवला नव्हता, तो मुलांवर खेकसायला लागला. चार मुलं यायची बंद झाली. मी म्हटलं, चालायचंच, मोठं काम आहे. आणि मग एका रविवारी, मी काठावर हजेरीची वही घेऊन बसले असताना, उल्हासला बसल्या जागी डुलकी लागली. प्रीती नावाची आठ वर्षांची मुलगी बंधाऱ्याच्या फळ्यांकडे, खोल पाण्यात, सरकत गेली. तिच्या पाठीवरचे नारळ सैल बांधलेले होते. बांधणारा उल्हासच. मी ते पाहत होते आणि माझ्या तोंडातून आवाज फुटेना. शेवटी एका पोराने आरडाओरडा केला, उल्हास खडबडून उठला, उडी मारली आणि तिला घेऊन आला. मुलगी खोकली, रडली आणि ठीक झाली. मंगल धावत टॉवेल घेऊन आली. उल्हास मात्र ओल्या कपड्यांनी काठावर बसून राहिला.

"दमलेलो माणूस काठार बसलो, म्हणजे काठार कोणच नाय," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, पाण्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी साडेचार ते सहा. दुपारची झोप परत आली, पुढच्या जत्रेला मिशीचा पीळ परत आला. मी समिती गुंडाळली. हळूहळू माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. आजूबाजूच्या गावांत झाडं लावणारे, वाचनालय काढणारे, रक्तदानासाठी धावणारे कितीतरी भले लोक मी पाहिले. दोन वर्षं जिवाचं रान करायचं, मग घरात भांडणं, मग कंटाळा, मग कुलूप. उल्हासच्या दीड तासाला कधी कुलूप लागलं नाही. इतक्या उन्हाळ्यांत आमच्या गावचं एकही मूल बुडालं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते, कारण तो स्वतः कधीच सांगणार नव्हता. त्याला कोणी समाजसेवक म्हटलं की तो मंगलकडे बघून डोळा मारायचा.

तो गेल्यावर मला रात्रंदिवस एकच धास्ती. मे आला की पोरांचं काय? पहिल्या दिवशी साडेचारला मी कोंडावर गेले ते मुलांना परत पाठवायला. 'वर्ग संपला, पाण्यात उतरू नका' असं सांगायचं मनाशी घोकत गेले. पाहते तर पाणी मुलांच्या कलकलाटाने भरलेलं. मधोमध कमरेइतक्या पाण्यात एक तरुणी उभी. ती प्रीती होती. आता नर्स आहे, डिचोलीला राहते.

"बाई, मंगळवार माझो," ती ओरडून म्हणाली. "सोमवार रिक्षावाल्या दामूचो. हरमलच्या हॉटेलात आसा तो महेश, तेणे सुट्टीच बुधवारी घेतली. सगळे उल्हासमामाचेच शिकलेले. एकान एकच दिस, तसाच ठरलासा."

सातही वार वाटून झाले होते. ज्या कामाला मी एका माणसाचं अख्खं आयुष्य मागत होते, ते सात जणांनी आपापली नोकरी, संसार, झोप सांभाळून उचललं होतं, आणि मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी काठावर बसून रडले. आनंदाने रडले, ते लपवायचं कशाला?

"बाई, येवा पाण्यात," प्रीती म्हणाली. मी नाही म्हटलं. एकसष्ट वय, साडी, गुडघे, सगळी कारणं दिली. खरं कारण तिला ठाऊक होतं. ती काठापर्यंत आली आणि हात पुढे करून नुसती उभी राहिली. नंदूनंतर पन्नास वर्षांनी मी त्या पाण्यात पाय घातला. पाणी गार होतं, आणि पाणीच होतं. मुलं शाळेतल्या बाईंना ओरडून शिकवत होती, "बाई, पाय सोडा! पाय सोडा!" आणि एका क्षणी मी पाय सोडले. नाकातोंडात पाणी गेलं, पदर सुटला, जगासमोर शोभा झाली आणि तरीही मी हसत होते. वरती आंब्याची फांदी हळूहळू सरकत होती, म्हणजे मी तरंगत होते.

तेवढ्यात शिट्टी झाली. सहा वाजले होते.

"अगो, पाच मिनटा थांब मगे," मी प्रीतीला विनवलं. "आत्ताच कुठे जमतासा!"

"ना बाई. माका आठाक ड्युटी आसा, आदी जेवतलंय," ती म्हणाली. "फुडल्या मंगळवारी."

पोरं ओळीने काठावर उभी राहिली. मी शेवटून तिसरी. प्रीतीने डोकी मोजली, माझंही मोजलं.