गेरूखालची मान

बायको गेल्यावर तिचं कपाट आवरायला मला सहा महिने लागले. खालच्या कप्प्यात, फडक्यात बांधलेला गेरूचा खडा सापडला आणि निलंग्यातली ती सकाळ आठवली.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तीन दिवस ताप आणि उजव्या कानाखाली मानेला सूज. माझ्या आईने पाहताच सांगितलं, "गालफुगी हाय. सात दिसांत जाती. लेकराला गाडीत हिंदळू नका." तिने गेरू उगाळून जबड्यापासून खांद्यापर्यंत जाड लेप दिला. मी शाळामास्तर. घरातलं एक जाडं पुस्तक काढून मी आईचीच बाजू घेतली. गालफुगी आपोआप बरी होते, असं त्यात होतं.

बायकोने पुस्तकाकडे पाहिलंही नाही. "अहो, पुस्तकातलं लेकरू थुंकी गिळत असंल. हिची उशी बघा."

उशी ओली होती. मुलगी मान एका बाजूला धरून बसली होती, वळवत नव्हती. रडली तर तोंडात बोळा कोंबल्यासारखा आवाज यायचा.

"सूनबाईला घाई लई," आई म्हणाली.

"मग तुम्ही बी चला संगं," बायकोने चपला घातल्या.

आई आली नाही. मी मागोमाग गेलो.

लातूरच्या बसमध्ये बायकोने तिला मांडीवर बसतं धरलं. जरा आडवं केलं की श्वास घोरल्यासारखा व्हायचा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

डॉक्टरांनी आधी लेपच पाहिला. "कातडी लाल आहे की गेरू, हे मी कसं सांगू?" बायकोने ओल्या कापसाने लेप पुसला. खालची कातडी ताणलेली, चकचकीत, लालभडक होती. श्वास अडेल म्हणून त्यांनी जीभ दाबून घसा पाहिला नाही, की तिला आडवंही केलं नाही. "आईच्या मांडीवरच राहू द्या," म्हणाले. मग मला विचारलं, "लाळ कधीपासून गिळत नाही?"

"ताप तीन दिवसांपासून आहे," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं."

"काल दुपारपासून," बायको म्हणाली.

स्कॅनमध्ये मानेच्या खोलात, घशामागे पू साचलेला दिसला. ही गालफुगी नव्हे, पू श्वासाची वाट दाबतोय, असं सांगून त्यांनी तिला लगेच आत नेलं. भूल देऊन, मानेला छेद घेऊन पू काढला. नंतर कितीतरी दिवस शिरेतून औषध चाललं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. कुणाच्या लक्षात आलं?"

मी पिशवी उचलली. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोघांच्या."

तो विषय तिने पुढे कधी काढला नाही. मीही नाही. वर्षं गेली. आईही गेली. खडा मात्र बायकोने का जपला, ते विचारायचं राहून गेलं.

मुलगी आता नांदेडला शिकते. काल तिचा फोन आला तेव्हा खडा हातातच होता. मी तिला सगळं सांगितलं. उशी तुझ्या आईने पाहिली, मी थांबू म्हणत होतो, हेसुद्धा.

 तिने विचारलं, "बाबा, हे आईला कधी म्हणालात?"

"नाही," मी म्हणालो आणि खडा परत फडक्यात बांधला.