नायट्रोजनचा धडा

गीतांजली अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. माहेर हिवरखेडचं. तिथे वडील खुशालराव आणि धाकटा भाऊ किशोर झेंडू अन् भाजी पिकवत. किशोरची शाळा बारावीत सुटली, पण चौकस स्वभाव गेला नाही. फोन केला की तो हटकून काहीतरी विचारायचा.

"ताई, गडगडाटाचा पाऊस झाला का झाडं कशी हिरवीगार होतात! मोटारीच्या पाण्यानं तशी कावून होत नाहीत?"

तिने समजावलं. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी असतात, पण एरवी त्यांचं जुळत नाही. विजेच्या भयंकर उष्णतेत मात्र ते जोडले जातात. त्यातून बनलेला वायू आणखी ऑक्सिजन घेतो, पावसात विरघळतो आणि नायट्रेट होऊन मातीत उतरतो. थोडंसंच, पण पिकाला आयतं मिळतं.

"म्हणजे आभाय फुकटात खत देऊन राहिलं!" किशोर खदखदून हसला.

मार्चमध्ये अवकाळी ढग आले. तोडलेला झेंडू बांधावर उघडा पडला होता. किशोर ताडपत्री घेऊन धावला, फुलं झाकली आणि पाऊस वाढला म्हणून निंबाखाली थांबला. वीज त्याच झाडावर पडली.

गीतांजली पोचली तेव्हा त्याला अंगणात निजवलं होतं. आई, पार्बताबाई, तिचा दंड धरून म्हणाली, "तू त शिकवतं ना पोरायले? मंग सांग मले, माह्याच लेकाले कावून नेलं तिनं?"

वीज कशी पडते ते गीतांजलीला सांगता आलं असतं. आईने ते विचारलंच नव्हतं.

तेरावं झाल्यावर ती शेतात गेली. निंब उभा चिरला होता. पण उरलेला झेंडू कधी नव्हे इतका तरारला होता, कळ्यांनी लगडला होता. तोवर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या हिरव्या पानांपुढे ती बांधावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

नव्या सत्रात नववीच्या वर्गात तो धडा आला. तिने फळ्यावर नायट्रोजन लिहिलं, ऑक्सिजन लिहिलं आणि पुढे हात चालेना.

पहिल्या बाकावरच्या देवश्रीने विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?"

"माझा भाऊ वीज पडून गेला," ती म्हणाली.

गीतांजलीने पदराने तोंड पुसलं, समीकरण पूर्ण केलं, नायट्रेट जमिनीत पोचेपर्यंत सगळं शिकवलं. मग वही मिटायला लावून म्हणाली, "आभाळ गडगडलं की झाडाखाली थांबायचं नाही. पक्कं घर गाठायचं. माल भिजला तर भिजू द्यायचा."

खुशालरावांनी शेत मक्त्याने दिलं. गीतांजली आता रविवारी हिवरखेडला जाते. ढग दाटले की पार्बताबाई दार लावून घेते आणि पाऊस थांबेपर्यंत लेकीचा हात सोडत नाही.