गूगलवर सुनंदाबाई काऊन दिसत नव्हती

हे टाइप करून राह्यलो, ते आजपर्यंत माया तोंडातून एकदाबी निघालं नाई. अब्बूले माहीत नाई, घरी कोनालेच नाई. दोस्तायले सांगतलं असतं त ते हसले असते – म्हनले असते, एवढंच? हो, एवढंच. एका टिकची गोष्ट आहे. तू वाच. फक्त मधातच 'जाऊ दे ना यार' म्हनू नको, मले त्या शब्दाची चीड येते.

पहिले एक सांगून टाकतो – ते बाई मले आवडत नव्हती. आजही नाई आवडत. असं लिहिनारा मानूस शेवटी शेवटी नरम पडते, असं वाटत असन तुले, त मी नाई पडनार.

सुनंदाबाई. झाडीपट्टीच्या नाटकात कितीक वर्षं हिरोइन होती, मग सोताची कंपनी काढली. आमच्या वडशात हे लहान गोष्ट नाई. धान निघाला का गावोगावी मंडईची जत्रा भरते, बैलायच्या शर्यतीचा शंकरपट होते, आन रात्रभर नाटक. त्या नाटकाच्या कंपन्या साऱ्या इथी, वडशात. गावचे मंडळवाले येतात, कंपनी ठरवतात, तारीख पक्की करून जातात. जुन्या कंपन्यायचे ऑफिस मेन रोडले, हे मोठ्ठे बोर्ड! सुनंदाबाईचं ऑफिस आतल्या गल्लीत, आटाचक्कीच्या मागं. तिथी कोन जाते? (कंपनीचं नाव लिहीत नाई. लिहिलं त तू आत्ताच शोधशील, मले माहीत आहे.)

आता मंडळातले पोट्टे वडशाले याच्या पहिलेच मोबाइलवर शोधून ठेवतात – कोनतं नाटक, हिरोइन कोन, कंपनी कशी. तिचा रस्ता तेवढाच होता. हे मले कोनी समजावून सांगाची गरज नव्हती, तिनंच सांगतलं – "बाबू, मेन रोडवर त मी नाई जाऊ शकत. पन लोकायच्या मोबाइलात मायी कंपनी दिसली पाह्यजे."

अब्बू सगळ्या कंपन्यायचे पोस्टर छापतात आन मी वेबसाइट बनवतो, म्हनून तिच्या साइटचं काम मायाकडं आलं. आन मी जीव लावून केलं, खरंच! फोटो एकदम हलके केले – जंगलातल्या गावात नेटवर्कची एकच डंडी असते, तिथीही फटकन उघडली पाह्यजे. प्रत्येक नाटकाले वेगळं पान, प्रत्येक पानाले त्याचं शीर्षक. गूगलले साइटचा नकाशा द्या लागते, कोनतं पान कुठी आहे त्याचा – तोही बनवून देला. एवढी साफ साइट वडशात कोनाचीच नव्हती. हे बढाई नाई. हे यासाठी सांगून राह्यलो का पुढचं कळावं तुले.

मग काय झालं? काई नाई झालं. हसली ते.

मले नाटकात एक छोटासा रोल पाह्यजे होता, हवालदाराचा. दोन वाक्यं. तालमीत तिनं मले उभं केलं, मी बोललो, आन आवाज चिरकला. ते हात वर करून म्हनली, "थांब थांब. हा हवालदार चोराले पकडून राह्यला, का चोराच्या पाया पडून राह्यला?" तबलेवाला त खालीच बसला हसता हसता. मंग म्हनते, "बाबू, तू आपला कंप्युटरच चालव. तो तरी तुयं ऐकते."

बस. एवढ्यावर? – विचार ना, विचार. हो, एवढ्यावर.

आता टिक. साइट अर्धवट असते तवा आम्ही सेटिंगमधी एक टिक मारून ठेवतो. त्यानं पानात एक ओळ बसते, लोकायले न दिसनारी. नोइंडेक्स म्हनतात तिले. ते ओळ गूगलले सांगते – ये, वाच, पन आपल्या यादीत घेऊ नको. साइट चालू केली का टिक काढाची. आमच्या धंद्यात हे टिक काढाले विसरनारे ढीगभर आहेत. आन तेच मले कामाचं होतं, समजलं का? पकडला गेलो त 'विसरलो' म्हनाची सोय.

मी विसरलो नव्हतो. टिक मी काढली होती. तालमीतून घरी आलो, पायातले चप्पल नाई काढले, लॅपटॉप उघडला – आन परत मारली.

साइट चालूच होती बरं. तिच्या मोबाइलात पत्ता टाकला का सारं झकास उघडे. फक्त गूगलवर शोधलं का काईच नाई. ते विचारे, "काऊन नाई दिसत बाबू?" मी म्हनो, "नवीन साइटले गूगल टाइम लावते, बाई." हे खरं आहे! लावते टाइम! खोटं बोलाले यापेक्षा चांगलं वाक्य कुठी भेटन? एक दिवस तिनं मोबाइल माया तोंडासमोरच धरला – "पाह्य. मायं नाव टाकलं त जुन्याच कंपनीतला फोटो येते. लोकायले वाटन मी तिथीच आहो." मी पाह्यलं. म्हनलं, "येईन, बाई. थांबा."

थांबली ते.

मेन रोडवाल्यायनं तोवर सुरू केलं होतं – तिची कंपनी फुटली, मोबाइलवर तरी दिसते का पाहा. आन आमच्या इकडे कंपनी फुटली असं एकदा लोकायच्या तोंडी लागलं, का ते खरंच फुटते. फुटलेल्या कंपनीले कोन तारीख देईन? आन तारखा नाई त कलाकार काऊन थांबतीन?

हेही सांगतो, नाई त अर्धवट राहीन. चामोर्शीकडचे मंडळवाले अब्बूच्या दुकानासमोर गाडीतून उतरले. मी एकटाच होतो. त्यातला एक मोबाइल पाहत पाहत आला – "भाऊ, सुनंदाबाईची कंपनी चालू आहे का बंद? इथी त काईच येत नाई." आटाचक्की दुकानातून दिसते. नुसतं बोट दाखवाचं होतं. मी म्हनलो, "मले नाई माहीत." ते मेन रोडकडे गेले.

टिकच्या वेळी राग होता. या वेळी काय होतं? राग त नव्हता. टिक उघडी पडन हे भेव होतं फक्त.

हिरो पहिले गेला. मंग बाकीचे. मंडईचा हंगाम संपाच्या आत कंपनी बंद झाली. सुनंदाबाई जुन्या कंपनीत परत गेली, आता तिथी हिरोइनच्या आईचं काम करते.

आन टिक मी काढली – पन कवा? कंपनी बंद झाल्यावर ते बोलता बोलता म्हनली, भाचा नागपूरले हेच काम करते, तो पाह्यन म्हनते काय बिघडलं होतं ते. पस्तावा नाई, काई नाई. भाच्याले सापडू नये, म्हनून काढली. थोड्याच दिवसात साइट गूगलवर आली. एकदम वर, पहिली! साइट चांगलीच होती, म्हनलं ना तुले.

तिचा फोन आला. मी समजलो, तिले कळलं. पन ते खुश होती! "बाबू, दिसून राह्यली रे! पहिल्या नंबरवर! गावागावातून फोन येऊन राह्यले, तारीख आहे का म्हनून." मंग म्हनली, "सगळ्यायले बंद झाली म्हनून सांगा लागते. पन तुयी मेहनत वाया नाई गेली. आमच्या मालकालेबी दाखवली मी साइट. त्यायची साइट तूच कर, मी सांगून ठेवलं."

मी म्हनलो, "हो, बाई."

ते काम मी घेतलं. साइट चालू केली त्या दिवशी टिक आठवनीनं काढली.