पिलो न्हाई, चाखलो

मंगळवारी अकराच्या सुमाराला कलेक्टर कचेरीपुढं पाच जनांचं उपोषन सुटलं. आमच्याच गाड्यावरच्या मोसंबीच्या रसानं सुटलं. पाची गिलास दाजीनं सोता मांडवात नेऊन दिले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. दाजी माघारी आले तर सदरा घामानं भिजलेला अन हात कापायलेले. स्टुलावर बसले अन मला म्हनले, "फौजदार, एक गिलास द्या."

म्या म्हनलं, "न्हाई."

"अरं घाम बघ. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलंय, सुई घेतल्यावर असा घाम आला, हात कापायले, की लगेच रस प्यायचा."

"मागच्या महिन्यात कंपाउंडरनं सांगितलं व्हतं. त्याच्या आधी मोठ्या डॉक्टरनं फोन करून सांगितलं व्हतं. तुमाला कोन काय सांगतंय ते मला समदं मालूम हाय."

दाजी हसले. "बहिनीवर गेलास," म्हनले. म्या पाठ करून मोसंब्या कापायलो व्हतो. जरा वेळानं स्टूल पडल्याचा आवाज आला.

दाजी म्हंजे भागवत, माज्या आक्काचे मालक, पेडगावचे. वीस वर्स कचेरीपुढंच गाडा. सकाळी फटफटीवर मोसंबीचं पोतं आनायचे, संध्याकाळी खाली पोतं घेऊन जायचे. पाटीवर लिव्हलं व्हतं, शुद्ध मोसंबी रस, साखर न्हाई, बर्फ न्हाई, पानी न्हाई. त्या पाटीचा मानसाला लय गर्व. बर्फ मागितला की गिऱ्हाइकाला म्हनायचे, "बर्फ पायजे तर बर्फवाल्याकडं जा."

सहा वर्सामागं शुगर निघाली. डॉक्टरनं सरळ सांगितलं, मोसंबी खायची तर एखादी खा, फोडी चावून, चोथ्यासकट. रस पिऊ नका. एका गिलासात चार मोसंब्याची साखर जाती अन चोथा समदा टोपल्यात पडतो.

दाजीला ते पटलंच न्हाई. "साखरेचा दाना टाकीत न्हाई मी! चावलं तर औषध अन पिलं तर जहर? दोन्ही एकाच झाडाचं."

"डॉक्टर शिकलेला हाय, दाजी."

"शिकलेला हाय, पन मोसंबी कुठं पिळलीय त्यानं?"

आता असल्या मानसाला काय बोलावं?

म्हून आक्कानं मला गाड्यावर बसवलं. म्हनली, "बालाजी, तुजं काम एकच. त्यांच्या तोंडाला गिलास लागू द्यायचा न्हाई. माजी शपथ हाय तुला." तवापासून दाजी मला फौजदार म्हनायचे. गिऱ्हाइकापुढं बी. "थांबा हो, फौजदारसाहेबाला इचारून देतो."

अन गिलास खरंच लागला न्हाई. वाटी लागायची! मोसंबी जास्ती पिळली, बी दबली, की रस कडू व्हतो. म्हून परत्येक गिलास द्यायच्या आधी त्यातला एक घोट बारक्या स्टीलच्या वाटीत घ्यायचा, चाखायचा, मग गिऱ्हाइकाला द्यायचा. दिवसाला साठ-सत्तर गिलास. तितकेच घोट. म्या वरडलो की म्हनायचे, "पिलो कुठं? चाखलो. गिऱ्हाइकाला कडू द्यू का?"

"म्या चाखतो की."

"तुला काय कळतंय त्यातलं."

म्हून रागानं म्या कधीच चाखलं न्हाई. एकदा वाटी लपवली तर झाकनातून चाखलं. मंग रोज नवा डॉक्टर निघायला लागला. ह्यानं सांगितलं रस पी, त्यानं सांगितलं रस पी. समदं खोटं. शेवटी पायाची जखम भरंना, म्हून इन्शुलिनची सुई लागली. मरायच्या आधी आठच दिवस. दवाखान्यात दाजी एकलेच गेले, सिस्टरनं काय सांगितलं ते एकल्यानंच ऐकलं.

त्या दिवशी सकाळी घरी सुई घेतली. आक्कानं भाकर वाढली, तेवढ्यात उपोषनवाल्याचा फोन आला, लवकर या. भाकर ताटातच राहिली. हे मला काय ठावं? दाजीनं सांगायला नको? फौजदार म्हनायला तोंड व्हतं, उपाशी हाय म्हनायला नव्हतं?

आटोत घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लावली, पन दुपारी खलास. तिथला डॉक्टर म्हनला, साखर लय खाली गेली व्हती, हृदयाला झेपलं नाही. गोड काही दिलं नाही का? अर्धा गिलास रस दिला असता तरी...

म्या म्हनलं, "सायेब, रसाचाच गाडा हाय आमचा."

सहा वर्स ऐकलं की रस पिऊ देऊ नका. एखाद्या वखताला तोच द्यायचा असतो हे आमाला कुनी सांगितलं? सांगितलं. दाजीनंच सांगितलं. पन सहा वर्स खोटं बोललेला मानूस एक दिवस खरं बोलला तर ते वळखायचं कसं?

आक्काला त्याच रात्री समदं सांगितलं. रस मागितला व्हता, म्या दिला न्हाई. पार तेराव्याला मानसं गेल्यावर आक्का म्हनली, "मीच बसवलं व्हतं तुला." अन पुन्हा म्हनली, "उद्या गाडा लाव. पोतं सडायलंय."

लावला. पहिलं गिऱ्हाईक तात्याराव, कचेरीतले कारकून, रोजचेच. गिलास दिला. एक घोट घेऊन त्यांनी गिलास गाड्यावर ठेवला.

"बालाजी, कडू आहे हो."

म्या तोच गिलास तोंडाला लावला. खरंच कडू व्हता. दुसऱ्या मोसंब्या घेतल्या, हलक्या हातानं पिळल्या. वाटी गल्ल्यामागं व्हती, धुतली. एक घोट त्यात घेतला, चाखला, अन मग गिलास तात्यारावाला दिला.